कुत्यूर म्हणजे आपली शिवणच

प्रश्न आहे कोल्हापुरातच फॅशन डिझायनिंग शिकणाऱ्या एका मुलीचा. 'हॉट कुटूर'ला, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मापानं शिवून देतात त्या भारी फॅशनला, मराठीत काय म्हणावं? आणि थ्रीडी प्रिंटरमधून निघालेला किंवा अंगावर फवारलेला ड्रेस 'शिवला' म्हटलं तर चालेल का?

आधी उच्चार. राजारामपुरीत एका दुकानावर 'हॉट काउचर' अशी पाटी आहे, आणि आत हँगरला मीडियम-लार्जचे तयार कुर्ते. रोज येता-जाता दिसते आणि रोज डोकं फिरतं. शब्द फ्रेंच आहे, 'ओत कुत्यूर'. त्यातला ह मुका. ओत म्हणजे उंच, गरम नव्हे. शिवाय फ्रान्समध्ये हे नाव 1945 पासून कायद्यानं राखून ठेवलंय. गिऱ्हाइकाच्या मापानं शिवून देणाऱ्या, ठरलेल्या अटी पाळणाऱ्या मोजक्याच पेढ्यांना ते लावता येतं. रेडीमेड कुर्त्याला नाही.

खरी गंमत 'कुत्यूर'मध्ये आहे. त्याच्या मागं लॅटिन 'कोन्सुतूरा' आहे. 'कोन्' म्हणजे एकत्र आणि 'सुएरे' म्हणजे शिवणं. शिवलेलं ते 'सुतुस'. आता संस्कृतकडं बघा. धातू 'सिव्', आणि शिवलेलं ते 'स्यूत'. सुतुस, स्यूत! आपलं शिवणं, शिवण, शिलाई सगळं याच घरचं. डॉक्टर जखमेला 'सूचर' घालतात तेही याच घरचं, आणि 'सूत्र' शब्दही वैयाकरण याच धातूकडं नेतात. पण माझा सगळ्यांत लाडका शब्द 'अनुस्यूत'. व्याख्यानांत ऊठसूट ऐकू येतो, 'या कवितेत अमुक विचार अनुस्यूत आहे', आणि बोलणाऱ्याच्या मनात असतं नुसतं 'अभिप्रेत'. अहो, अनुस्यूत म्हणजे दोऱ्यानं सलग ओवून घेतलेलं! धावदोरा कापडात शिरतो, पुन्हा वर येतो, पुन्हा शिरतो, आणि शेवटपर्यंत दोरा एकच असतो. तसा विचार कवितेत असेल तरच तो अनुस्यूत. पॅरिसचं कुत्यूर आणि आपलं अनुस्यूत ही सख्खी चुलत भावंडं आहेत, हे कळलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

म्हणून 'अभिजात वेशभूषा' हा एका निवृत्त प्राध्यापकांनी सुचवलेला शब्द मला साफ नामंजूर. वेशभूषा नाटकात असते. त्या शब्दात ना सुई ना दोरा. 'उंची शिवण' म्हणा. उंची अत्तर, उंची वस्त्रं आपण म्हणतोच. उंचवरून उत्तम हा अर्थ फ्रेंचांनी जसा घेतला तसाच आपणही घेतलाय.

याच प्राध्यापकांचं दुसरं म्हणणं असं की, कपडा अंगाला लागतो, म्हणून शिवणं आणि शिवाशिवीतलं शिवणं मुळात एकच. चूक. स्पर्शाचं शिवणं प्राकृतातल्या 'छिवइ'वरून आलंय. त्याचा सुईशी काही संबंध नाही. दोन वेगळ्या वाटांनी येऊन मराठीत एका रूपात भेटलेले शब्द आहेत ते.

आता फवारलेला ड्रेस. सप्टेंबर 2022 मध्ये पॅरिसला कोपर्नी या फॅशन-पेढीच्या शोमध्ये मॉडेल बेला हदीदच्या अंगावर डिझायनर मानेल तोरेस यांनी तयार केलेला द्रव फवारला. अंगावरच त्याचं कापड झालं. मग एका बाईनं पुढं येऊन खांदे नीट केले, कात्रीनं खाली चीर दिली. टाका एकही नाही. तेव्हा तो 'शिवला' म्हणायचा नाही, तो 'बेतला'. पापाच्या तिकटीजवळचे आमचे शिंपी कापड टेबलावर पसरतात, खडूनं रेघ मारतात, कात्री हातात घेऊन थोडं थांबतात आणि मग बेततात. शिवणं त्यानंतर. माझं तर ठाम मत आहे की तांबड्या-पांढऱ्याचा 'बेत' याच टेबलावरून आला. आधी कापडाचा बेत, मग जेवणाचा. हिंदीतलं 'ब्योंत' बघा. त्यातही कापडाची काटछाट आणि योजना दोन्ही आहेत.

राहिला थ्रीडी प्रिंटर. डच डिझायनर इरिस वान हेर्पेननं 2010 मध्ये त्यातून काढलेला पोशाख दाखवला. तो थरावर थर चढून बनतो. त्याला 'छापला' म्हणा. पण त्याच बाईंच्या पोशाखांत हाताचे टाकेही भरपूर असतात, आणि ते घातले की तो शिवला.