युद्धात सगळेच होरपळतात, मग बायका-मुलींचा वेगळा विचार कशाला?

बॉम्ब पडताना बाई-पुरुष बघत नाही, हे तुमचं म्हणणं मान्य. पण युद्धात बॉम्बपलीकडेही बरंच काही घडतं. बॉस्नियाच्या युद्धात, स्रेब्रेनित्सा या गावी १९९५ मध्ये सुमारे ८,००० पुरुष आणि मुलगे वेगळे काढून मारले. बायका-पोरांना बसमध्ये कोंबून हाकलून दिलं. कोणाच्या वाट्याला काय येणार, हे तिथे बाई की पुरुष यावरूनच ठरलं.

मला जास्त खटकतं ते युद्ध थांबल्यानंतरचं. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ यादवी चालली. बंडखोरांनी पळवून नेलेल्या मुली ओझी वाहायच्या, रांधायच्या, कमांडरची ‘बायको’ म्हणून राहायच्या, काही लढल्यासुद्धा. पुढे शस्त्रं टाकणाऱ्यांसाठी पुनर्वसन योजना आली. नाव नोंदवायचं तर बंदूक जमा करा, ती खोलून-जोडून दाखवा! बऱ्याच मुलींकडे बंदूक नव्हतीच. काहींची कमांडरने काढून घेऊन दुसऱ्याच्या हाती दिली. पैसे आणि प्रशिक्षण इतरांना मिळालं, या मुली कडेवर पोर घेऊन गावी परतल्या, आणि गाव त्यांना ‘बंडखोराची बायको’ म्हणू लागलं. योजना आखणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. सैनिक म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे बंदूकवाला पुरुष आला, बस्स.

न्यायालयांचंही तसंच. रवांडातल्या १९९४ च्या वंशसंहाराबद्दल तिथला एक नगरप्रमुख अकायेसू याच्यावर खटला चालला, त्यात सुरुवातीला बलात्काराचा आरोपच नव्हता. साक्षीला आलेल्या एका बाईने आपल्या मुलीवर काय ओढवलं ते सांगितलं, न्यायाधीशांनी पुढे खोदून विचारलं (त्या तिघांत नवी पिल्लै या एकट्या बाई), आणि १९९७ मध्ये आरोपपत्रात भर पडली. १९९८ च्या निकालात बलात्कार हेही वंशसंहाराचं कृत्य असू शकतं, असं एखाद्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने पहिल्यांदाच म्हटलं.

बायका जात्याच शांतताप्रिय असतात, हे मात्र मला अजिबात पटत नाही. त्याच रवांडाच्या, वंशसंहाराच्या वेळच्या महिला कल्याण मंत्री पोलीन न्यिरामासुहुको २०११ मध्ये वंशसंहाराच्या गुन्ह्यात दोषी ठरल्या, बलात्कारांची जबाबदारीही त्यांच्यावर आली. तेव्हा शांततेच्या वाटाघाटींना बायका हव्यात त्या मवाळ असतात म्हणून नव्हे. नवरा तुरुंगात किंवा मातीत गेल्यावर घर कसं चालतं, हे त्यांना ठाऊक असतं म्हणून. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट गटांत संघर्ष चालला होता. तिथे १९९६ साली दोन्ही गटांतल्या बायकांनी ऐनवेळी पक्ष काढला, निवडणूक लढवली आणि शांतता-चर्चेत दोन जागा मिळवल्या. १९९८ च्या शांतता करारात हिंसाचाराच्या बळींबद्दल आणि मुलांच्या एकत्रित शिक्षणाबद्दल जो मजकूर आला, त्यामागे त्यांचाच आग्रह होता.