नारळीकरांना महास्फोट मान्य नव्हता, मग खरं कोणाचं?

तुम्ही विचारलंत, शाळेत महास्फोट, म्हणजे विश्व एका तप्त, दाट अवस्थेतून सुरू होऊन पसरत गेलं असं, शिकवतात आणि जयंत नारळीकर तर शेवटपर्यंत तो मानायला तयार नव्हते, मग आपण काय धरायचं? माझ्या मते पुरावा महास्फोटाच्या बाजूने आहे आणि तो भक्कम आहे. पण नारळीकर नुसता हट्ट धरून बसले होते, असं कोणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही.

दीर्घिका (ताऱ्यांचे प्रचंड समूह) आपल्यापासून दूर जाताहेत, हे खगोलशास्त्रज्ञ हबलने 1929 मध्ये दाखवलं. त्याच्या आकड्यांवरून विश्वाचं वय जेमतेम 200 कोटी वर्षं निघायचं. पृथ्वीवरचे खडक मात्र त्याहून जुने ठरत होते. म्हणजे लेकीपेक्षा आई धाकटी! म्हणून 1948 मध्ये हॉइल, बाँडी आणि गोल्ड या शास्त्रज्ञांनी मांडलं की विश्वाला आरंभच नाही. दीर्घिका लांब जातात, मधल्या जागेत नवं द्रव्य तयार होतं आणि एकूण चित्र तेच राहतं. हा स्थिर स्थिती सिद्धांत. नारळीकर केंब्रिजला हॉइल यांचेच विद्यार्थी. पुढे 1952 मध्ये खगोलशास्त्रज्ञ बाडे यांनी दीर्घिकांची अंतरं आधीच्या दुप्पट ठरवली, तसं वयही वाढलं आणि ती अडचण सैल झाली.

खरा निकाल 1965 मध्ये लागला. अमेरिकेत न्यू जर्सीत पेन्झियस आणि विल्सन या शास्त्रज्ञांच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात 7.35 सेंटिमीटर तरंगलांबीवर एक खरखर येत होती. आत कबुतरं राहायची. ती हलवली, विष्ठा घासून काढली, तरी खरखर हटेना. दिवस असो की रात्र, कुठल्याही दिशेला तोंड करा, तेवढीच. ते साऱ्या अवकाशातून येणारं सूक्ष्मतरंगांचं प्रारण होतं. जुन्या टीव्हीवर स्टेशन लागलं नाही की मुंग्या यायच्या ना, त्यांतला थोडा भाग याच प्रारणाचा. तप्त, दाट अवस्थेतून निघालेलं विश्व आज निवत निवत काही केल्विनवर (म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम काही अंश वर) आलं असेल, हे अल्फर आणि हर्मन या शास्त्रज्ञांनी 1948 मध्येच लिहून ठेवलं होतं, आणि ही खरखर त्याच्याशी जुळली.

यावर नारळीकर, हॉइल आणि खगोलशास्त्रज्ञ बर्बिज यांनी 1993 मध्ये स्थिर स्थितीचा सुधारित सिद्धांत मांडला: ताऱ्यांचाच प्रकाश अवकाशातल्या लोखंडाच्या सूक्ष्म सुया शोषतात आणि सूक्ष्मतरंगांच्या रूपात परत सोडतात. मला ते पटत नाही. हे प्रारण मोजणाऱ्या कोबे उपग्रहाने त्याच्या तीव्रतेचा जो आलेख दिला, त्यात मापनातली चूक रेषेच्या जाडीपेक्षाही कमी आहे. वेगवेगळ्या काळातल्या ताऱ्यांचा प्रकाश गोळा होऊन एकाच तापमानाचा, 2.725 केल्विनचा, इतका नितळ आलेख निघणं फार अवघड. शिवाय विश्वातल्या साध्या द्रव्याचा सुमारे पाव भाग हेलियम का, हेही महास्फोट सहज सांगतो.

एक मात्र लक्षात घ्या. ‘बिग बँग’ हे नाव विरोधक हॉइल यांनीच 1949 मध्ये बीबीसी रेडिओवर वापरलं, आणि आपल्या ‘स्फोट’ शब्दाने डोळ्यांसमोर बॉम्ब येतो. तसा तो कुठल्या एका जागी झालेला नाही. जागाच ताणली जाते आहे, म्हणून त्याला मध्यबिंदूही नाही.

वय आता 1380 कोटी वर्षं धरतात. प्रसरणाचा वेग मात्र एका पद्धतीने 67 आणि दुसरीने 73 च्या आसपास येतो (किलोमीटर प्रति सेकंद, दर मेगापार्सेकला, म्हणजे सुमारे 33 लाख प्रकाशवर्षं अंतरामागे), आणि हा फरक अजून मिटलेला नाही. त्याबद्दल हवं असेल तर वेगळं विचारा, सविस्तर लिहीन.