पहिली उचल आणि पहिल्या पानावरची बातमी

तुमचा प्रश्न: पत्रकार आणि साखर कारखानदारांची लॉबी यांचं साटंलोटं असताना बातमीवर विश्वास ठेवायचा कसा, कोल्हापुरात तर सगळेच पेपर विकले गेलेत ना?

नाही. कट्ट्यावर हे वाक्य रोज ऐकू येतं आणि ऐकलं की राहवत नाही. ज्याला बातमी दाबायची असते, त्याच्याच ते पथ्यावर पडतं. सगळंच खोटं मानलं की खरी बातमीही रद्दीत जाते.

उसाच्या दराची बातमी घ्या. हंगाम तोंडावर आला की मथळा येतो, समजा, "कारखान्याची टनाला 3300 रुपये विक्रमी उचल". उचल म्हणजे ऊसबिलाचा पहिला हप्ता. चार पेपरांत एकाच दिवशी, चेअरमनचा तोच फोटो, शेवटच्या "यावेळी संचालक मंडळ उपस्थित होते"पर्यंत तेच शब्द. ही प्रेस नोट. ती छापणं पाप नाही, हिशेब न मांडता छापणं चूक आहे.

हिशेब दोन मिनिटांचा आहे. 2025-26 साठी केंद्राने 10.25 टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलला 355 रुपये एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचाच असा किमान दर, ठरवली, त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये. उतारा 12.25 धरला तर वीस टप्प्यांचे 69.20 रुपये वाढले, म्हणजे क्विंटलला 424.20, टनाला 4242. तोडणी-वाहतुकीचे 900 वजा करा, हातात 3342 उरतात. मग "विक्रमी" 3300 ही कायद्याने देणं असलेल्या रकमेपेक्षा 42 रुपयांनी कमीच झाली. साठ टन ऊस घालणाऱ्याचे 2520 रुपये त्या मथळ्याखाली गेले.

गफलत होते ती आकड्यांच्या पोटात. उतारा मागच्या हंगामाचा धरला की चालू, हे बातमीत नसतं. राज्याने फेब्रुवारी 2022 मध्ये दोन टप्प्यांत एफआरपी देण्याचा निर्णय काढला, तो मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. तरी "एकरकमी" की "टप्प्याने" हे बातमीत शोधावंच लागतं. तोडणी-वाहतूक पन्नास रुपयांनी फुगवली तर तेवढेच शेतकऱ्याच्या बिलातून जातात. बी-हेवी मळीतून, म्हणजे सगळी साखर न काढलेल्या मळीतून, इथेनॉल केलं की साखर कमी दिसते आणि उताराही. वळवलेली साखर मिळवून उतारा काढला का, हे विचारायलाच हवं. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत बिल नाही तर 15 टक्के व्याज, हे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. व्याजाचा उल्लेख बातमीत क्वचितच सापडतो.

दिल्लीतली लॉबी हा वेगळा भाग. साखरेची किमान विक्री किंमत जून 2018 मध्ये किलोला 29 ठरली, फेब्रुवारी 2019 मध्ये 31 झाली. ती वाढवून मागणं रास्त असू शकतं. पण अमेरिकेत 1995 च्या कायद्याने लॉबिस्टला नोंदणी करून दर तिमाहीला कुणासाठी, कशासाठी, किती पैसे घेतले हे जाहीर करावं लागतं. आपल्याकडे असा कायदाच नाही. त्यामुळे "शिष्टमंडळाने भेट घेतली" एवढ्यावर बातमी संपली की मागणीपत्रात काय होतं हे कुठेच नोंदलं जात नाही.

पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, खरी आहे, नाकारत नाही. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत स्पर्धक दैनिकांत एकच लेख शब्दाला शब्द आला, ते पी. साईनाथांनी बाहेर काढलं. पण बाहेर काढणाराही पत्रकारच होता, हे कट्ट्यावरचे लोक सोयीस्कर विसरतात.

आणि आपल्याच कोल्हापूर संस्थानाचं 1882 चं प्रकरण आठवा. दिवाण बर्वे छत्रपतींना छळतात, असं टिळक-आगरकरांनी छापलं. आधाराची पत्रं बनावट निघाली. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. तरी लोकांनी केसरी टाकला नाही. म्हणून मी पेपर जोखतो तो खुलाशावरून: चूक पहिल्या पानावर आणि खुलासा आतल्या कोपऱ्यात बोटभर, असं करणाऱ्या पेपरवर माझा विश्वास नाही.

एक राहिलं. तालुक्याच्या बातमीदाराला मानधन तुटपुंजं आणि वर जाहिरातीचं टार्गेट असतं. त्याच कारखान्याकडून वर्धापनदिनाची जाहिरात आणायची आणि त्याच्याच विरोधात लिहायचं, हे सोपं नाही. शिव्या घालायच्या तर त्याला नको, टार्गेट लावणाऱ्याला घाला. उचलीची बातमी आली की साखर आयुक्तालयाचा एफआरपीचा अहवाल उघडा, आपल्या कारखान्याच्या ओळीतली थकबाकी बघा. ती बातमीत नसेल तर त्याच बातमीदाराला कळवा, सोबत आपल्या ऊसबिलाचा फोटो जोडा.