'ग़रीबी मीकोने' : इराणी आजी बाळाला गरीब का म्हणाल्या?

लॉस एंजेलिसच्या वेस्टवुड भागात राहणाऱ्या एका मराठी ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या शेजारच्या इराणी आजींनी ताईंच्या आठ महिन्यांच्या मुलाला कडेवर घेतलं आणि त्यानं भोकाड पसरलं. आजी हसून आपल्या लेकीला म्हणाल्या, "ग़रीबी मीकोने." ताईंच्या कानांनी त्यातली 'गरिबी' तेवढी टिपली. नंतर चहा घेताना आजी स्वतःबद्दल बोलायला लागल्या, तेव्हाही 'ग़ोर्बत' असा काहीसा शब्द दोन-तीनदा आला आणि त्यांचे डोळे भरले. ताई विचारतात : यांचं स्वतःचं घर आहे, मुलं कमावती आहेत, अमेरिकेत येऊन चाळीस वर्षं झाली, मग ही गरिबी कसली? आणि हा शब्द आपलाच ना?

हो, शब्द आपलाच. पण आजी पैशांबद्दल बोलत नव्हत्या, ना बाळाच्या ना स्वतःच्या.

इराणी फारसीत 'ग़रीब' म्हणजे परका, नवखा, घरापासून लांब पडलेला. तान्हं मूल अनोळखी माणसाकडे जाईना, रडायला लागलं, की इराणी बायका हमखास म्हणतात, "ग़रीबी मीकोने." शब्दशः 'ग़रीबी करतोय'. आपल्याकडच्या आज्या अशा वेळी म्हणतात, "बाळाला माणसं कळायला लागली हो!" प्रसंग तोच, वयही तेच, सात-आठ महिन्यांचं. आजींनी तुमच्या मुलाचं कौतुकच केलं, ताई.

शब्द मुळात अरबी. 'ग़-र-ब' या धातूत निघून जाणं, दूर जाणं असा अर्थ आहे, आणि सूर्य निघून जातो म्हणून मावळणंही त्यातच आलं. सूर्यास्त तो 'ग़ुरूब', पश्चिम दिशा ती 'ग़र्ब', दिवस मावळल्यावरची नमाज 'मगरीब'. आपण मावळण्यावरून पश्चिमेला 'मावळत' म्हणतो, तशीच ही घडण. जो आपल्या जागेवरून निघून गेला तो 'ग़रीब', आणि अशा माणसाची जी अवस्था ती 'ग़ुर्बत'. इराणी लोक आज ऱ्हस्व उकार ओकाराकडे झुकवून बोलतात, म्हणून तुम्हाला 'ग़ोर्बत' ऐकू आलं.

या 'ग़ोर्बत'पाशी थोडं थांबायला हवं, कारण तुमच्या आजूबाजूच्या इराणी घरांतून हा शब्द रोज ऐकू येत असेल. फारसीत देशाबाहेर राहण्याला बरेच शब्द आहेत. 'मोहाजेरत' म्हणजे स्थलांतर, कागदोपत्री नोंदवता येईल असं. 'तबईद' म्हणजे हद्दपारी, राजकीय. 'ख़ारेज' म्हणजे नुसतंच बाहेर, परदेश (आपण अर्ज 'खारीज' करतो तो हाच शब्द). ग़ोर्बत या सगळ्यांहून वेगळी, कारण ती मनात असते. तिला सरहद्द ओलांडावीच लागते असंही नाही. शिराझचा माणूस तेहरानमध्ये एकटा पडला तरी तो ग़रीबच. शिया पंथाचे आठवे इमाम रजा मदिनेहून खुरासानात आणले गेले आणि 818 साली तिथेच वारले. मशहदला त्यांचा दर्गा आहे आणि इराणी भाविक त्यांना आजही प्रेमानं 'इमामे ग़रीब' म्हणतात. आशुराच्या, म्हणजे मोहरमच्या दहाव्या दिवसानंतरची रात्र ती 'शामे ग़रीबाँ' : करबलाच्या लढाईत आपली माणसं गमावून परमुलखात उघड्यावर पडलेल्यांची संध्याकाळ. आपल्याकडे हे नाव ऐकून पुष्कळ जण 'गरिबांची संध्याकाळ' असा अर्थ घेतात आणि त्यातलं खरं दुःख हातातून निसटतं.

लॉस एंजेलिसला तर या शब्दाचं दुसरं घरच मिळालं. 1979 च्या क्रांतीच्या आगेमागे हजारो कुटुंबं तिथे आली. काही आधीच शिकायला आलेली मुलं होती, ती परतलीच नाहीत. बरेच जण 'दोन-चार महिन्यांत निवळेल' म्हणून बॅगा न सोडता राहिले. मुसलमान, ज्यू, आर्मेनियन, बहाई, झरथुष्ट्री असे सगळ्या धर्मांचे इराणी. शहराला 'तेहरँजेलिस' असं टोपणनाव पडलं. वेस्टवुड बुलेवारवर फारसी पाट्यांची दुकानं, पुस्तकं, केशराचं आइस्क्रीम. 2010 साली नगरपालिकेनं तिथल्या एका चौकाला 'पर्शियन स्क्वेअर' हे नावही दिलं. इतकं सगळं आपलं असूनही ग़ोर्बत गेली नाही. गायिका हाएदे 1990 साली अमेरिकेत वारली आणि याच वेस्टवुडमधल्या लहानशा दफनभूमीत तिला पुरलं. कवी नादेर नादेरपूरही तिथेच आहे, 2000 सालापासून. अशा मृत्यूबद्दल इराणी माणूस 'दर ग़ोर्बत' वारला असं म्हणतो. त्या दोन शब्दांत हळहळ असते : अंत्यविधीला गाव नव्हतं, आपल्या मातीची मूठ नव्हती.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग : शब्द आपलाच, तर आपल्याकडे परक्याचा दरिद्री कसा झाला?

याचं उत्तर मला आपल्या जुन्या गावगाड्यातच दिसतं. ज्याला गावात 'वतन' होतं तो वतनदार, आणि बाहेरून येऊन दुसऱ्याची जमीन कसणारा तो 'उपरी'. उपऱ्याला जमिनीचा हक्क नाही, भाऊबंद नाहीत, पंचायतीत शब्दाला वजन नाही. परका आणि निर्धन ही एकाच माणसाची दोन वर्णनं होती. फारसीतही वाटसरू-परदेशी हा दानाला पात्र मानला जाई, त्यामुळे 'ग़रीब'मध्ये गरजूपणाची छटा आधीपासून होतीच. भारतात ती फोफावली आणि मूळ अर्थ तिच्याखाली झाकला गेला. मराठीनं त्यात आणखी एक छटा वाढवली. 'स्वभावानं अगदी गरीब आहे हो' म्हणजे मवाळ, खाली मान घालून राहणारा. 'गरीब गाय, पोटात पाय' ही म्हण त्याच छटेवर उभी आहे. परक्या ठिकाणी माणूस आवाज चढवत नाही, हे निरीक्षण त्या अर्थात शिल्लक राहिलंय असं मला वाटतं.

गंमत म्हणजे त्याच वेळी 'वतन'ही बदललं. फारसीत वतन म्हणजे मायदेश आणि 'हमवतन' म्हणजे देशबांधव. मराठीत ते पाटील-कुलकर्ण्यांचा वंशपरंपरागत हक्क होऊन बसलं. ग़ुर्बत आणि वतन ही फारसीतली जोडी, दोन्ही शब्द आपल्याकडे आले आणि दोन्ही पैशाअडक्याच्या, जमीनजुमल्याच्या बाजूला सरकले.

यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट मात्र दख्खनमध्येच घडलेली आहे, आणि ती तुमच्या आजींच्या कथेपासून फार लांब नाही. बहमनी काळात इराणातून सरदार, व्यापारी, विद्वान मोठ्या संख्येनं इकडे आले. इथल्या मुसलमान सरदारांना 'दख्खनी' म्हणत आणि या नव्यांना 'आफाकी' किंवा चक्क 'ग़रीब'. दरबारात दख्खनी आणि ग़रीब असे दोन तट होते आणि त्यांचं वैर रक्तपातापर्यंत जाई. इराणातल्या गीलानहून आलेला महमूद गावान हा असाच एक 'ग़रीब' : बहमनी राज्याचा वजीर, गोवा जिंकणारा, 1472 साली बीदरला मदरसा बांधणारा. त्याच्या विरोधकांनी बनावट पत्र पुढे करून 1481 मध्ये सुलतानाकडून त्याचा शिरच्छेद करवला. राज्यातला सर्वांत बलाढ्य माणूस, आणि तरी शब्दाच्या मूळ अर्थानं शेवटपर्यंत ग़रीब. शिराझमध्ये जन्मलेले जिमी देलशाद 2007 साली लॉस एंजेलिसला लागून असलेल्या बेव्हर्ली हिल्सचे महापौर झाले. त्या वर्षीच्या निवडणुकीत मतपत्रिका फारसीतही छापल्या म्हणून काही रहिवाशांनी कुरकुर केली होती. ती कुरकुर वाचली तेव्हा मला बीदरचा बहमनी दरबार आठवला.

उर्दू कवितेनं जुना अर्थ जपला आणि त्याचा एक नमुना आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. इक्बालांच्या 1904 सालच्या 'सारे जहाँ से अच्छा'मध्ये ओळ आहे : 'ग़ुर्बत में हों अगर हम, रहता है दिल वतन में.' शाळेत असताना मी याचा अर्थ 'आपण दारिद्र्यात असलो तरी' असा लावला होता, आणि तो चालूनही जात होता. पुढे उर्दू शिकताना गुरुजींनी तिथेच थांबवलं आणि म्हणाले, "समोर वतन आलंय ना? मग ग़ुर्बत म्हणजे काय असेल, सांग." परमुलूख! त्या दिवशी ती ओळ पहिल्यांदा कळली. जर्मनीत कामाला गेलेल्या तुर्कांच्या बोलण्यातही हाच शब्द 'गुर्बेत' म्हणून आहे.

मराठीत ग़ोर्बतला एकच नेमका शब्द मला सापडत नाही. परकेपणा, उपरेपण हे शब्द अर्थाला जवळचे, पण त्यांत ओढ नाही. ओढ पाहायची तर जात्यावरच्या ओव्यांत पाहावी, माहेरच्या वाटेकडे डोळे लावणाऱ्या सासुरवाशिणीच्या. सासरी धान्यानं कणग्या भरलेल्या असल्या तरी ती ओवी तशीच गायली जाते. आजी तुमच्याशी बोलल्या ते तसं काहीतरी, असं समजा.

व्यवहाराची एक सूचना. आजींशी बोलताना पैशाची अडचण सांगायची असेल तर 'गरीब' म्हणू नका, 'फ़क़ीर' म्हणा. इराणात निर्धन माणसाला तो शब्द आहे. आपल्याला मात्र फकीर म्हटलं की झोळीवालाच आठवतो. 'आम्ही गरीब माणसं' असं म्हणालात तर त्या समजतील की तुम्हालाही इथे परकं वाटतंय. आणि बहुधा लगेच म्हणतील, "ग़रीबे के नीस्ती", अगं तू काय परकी आहेस का!

बाळाला अधूनमधून त्यांच्याकडे नेत जा. काही दिवसांनी तो आपण होऊन त्यांच्याकडे झेपावला की कान देऊन ऐका. त्या म्हणतील, "दीगे ग़रीबी नेमीकोने." आता नाही परकं करत.