'अपात्र' हा शेरा आल्यावर

प्रिय मित्रा,

नैराश्याच्या उपचारांमुळे आलेला डॉडमर्बचा 'अपात्र' हा शेरा वाचून तुला वाटलं असेल, वेस्ट पॉइंटचं, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या अकादमीचं, दार बंद झालं. तसं नाही. डॉडमर्ब हे अमेरिकी संरक्षण खात्याचं वैद्यकीय मंडळ. निकषात बसतोस की नाही, एवढंच ते सांगतं. वेव्हर, म्हणजे निकषातून सूट, द्यायचा की नाही हे अकादमी ठरवते, आणि त्यासाठी तू वेगळा अर्ज करायचा नसतो. तुझी उमेदवारी दमदार दिसली तर अकादमीच ते प्रकरण विचारात घेते. म्हणून मार्क, फिटनेस टेस्ट, नॉमिनेशन (काँग्रेस सदस्याची वगैरे शिफारस), काहीच ढिलं सोडू नकोस.

नैराश्याचे निकष कडक आहेत. गेल्या ३६ महिन्यांत लक्षणं किंवा उपचार, समुपदेशन धरून एकूण १२ महिन्यांहून जास्त उपचार, इस्पितळात दाखल होणं, आजार उलटणं, आत्महत्येचे विचार. यातलं एकही लागू झालं की अपात्र.

आणि इथेच मुलं घात करून घेतात. ३६ महिने लवकर सुरू व्हावेत म्हणून गोळ्या परस्पर बंद करतात. चक्कर येते, झोप उडते, कधी आजारच उलटतो. मग महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे, वर 'आजार उलटला' ही नवी नोंद. गोळी कधी आणि कशी कमी करायची, ते डॉक्टरच ठरवतील.

कागद आत्ताच मागवायला लाग: थेरपिस्टच्या नोंदी, सायकियाट्रिस्टची फाइल, फार्मसीची रिफिलची यादी. तिन्ही शेजारी ठेवून तारखा जुळव. तू फॉर्मवर 'गोळी जानेवारीत थांबली' लिहिलंस आणि यादीत मार्चचं रिफिल निघालं, तर साधा विसरही लपवाछपवी वाटतो. डॉक्टरांच्या पत्रात निदान, औषध व डोस, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आणि उपचार थांबल्यानंतर अभ्यास, खेळ, झोप कशी आहे हे नेमकं हवं. 'मुलगा हुशार आहे' याचा उपयोग नाही.

लपवू मात्र नकोस. खोटं सांगून नेमणूक मिळवणं लष्करी कायद्याने गुन्हा आहे.

नकार आला तरी आरओटीसीचा (कॉलेजात शिकताना लष्करी अधिकारी घडवणाऱ्या कार्यक्रमाचा) वेव्हर वेगळे अधिकारी बघतात, आणि अकादमीला पुढच्या वर्षीही अर्ज करता येतो.

या सगळ्यात कधी जीव नकोसा झाला, तर ९८८ या अमेरिकेतल्या मदतवाहिनीला फोन किंवा मेसेज कर. त्या वेळी फाइलची काळजी करू नकोस.