टॅरोमधलं 'स्ट्रेंग्थ' कार्ड 'ड्यून'च्या विश्वातून वाचता येतं का?

तुम्ही विचारलंय, की टॅरो, म्हणजे चित्रांचे पत्ते काढून त्यांचा अर्थ लावणं, नुकतंच शिकायला घेतलंय, फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून' या विज्ञानकादंबऱ्यांच्या मालिकेचं वेड मात्र जुनं आहे, आणि 'स्ट्रेंग्थ' हे कार्ड आलं की सँडवर्मच्या, म्हणजे वाळूतल्या महाकाय अळीच्या, पाठीवर उभा असलेला कथानायक पॉल अट्रायडीजच डोळ्यांपुढे येतो. हे वाचन चालेल का? आणि मग पॉलचा मुलगा, दुसरा लेटो, याला कोणत्या कार्डावर बसवायचं?

ड्यूनमधून टॅरो वाचणं मला मनापासून पटतं. पण सँडवर्मचा स्वार म्हणजे 'स्ट्रेंग्थ' नव्हे. तो त्याच्या आधीच्या कार्डाचा, 'चॅरिअट'चा माणूस आहे. 'स्ट्रेंग्थ' कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात भेटतं, पेटीत हात घालून उभ्या असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या रूपात. (पुढे चौथ्या पुस्तकापर्यंतच्या घटना येणार आहेत. त्या आधी कळायला नको असतील तर वाचन इथेच थांबवा.)

आधी कार्डाकडे नीट बघू. 1909 साली लंडनमध्ये निघालेला रायडर-वेट डेक, म्हणजे पत्त्यांचा संच, मी धरून चाललेय. त्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली. पांढऱ्या झग्यातली एक स्त्री, डोक्यावर आडव्या आठसारखं अनंताचं चिन्ह, दोन्ही हात सिंहाच्या जबड्यावर. ती तो जबडा हलकेच मिटतेय. चाबूक नाही, लोखंडी साखळी नाही, आहे ती फुलांची माळ. आणि सिंह जिवंत आहे, जागचा हललेला नाही. हे चित्र पहिल्यापासून असं नव्हतं. टॅरो हा मुळात पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीतला पत्त्यांचा खेळ, त्यावरून भविष्य बघणं बरंच नंतर, अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रुजलं. मिलानच्या दरबारासाठी रंगवलेल्या व्हिस्कोन्ती-स्फोर्झा पत्त्यांमध्ये याच कार्डावर एक पुरुष सोटा उगारून सिंहावर तुटून पडलाय. म्हणजे एकाच कार्डाच्या पोटात दोन कल्पना आहेत, एक सोट्याची आणि एक माळेची. फ्रँक हर्बर्टच्या विश्वात दोन्ही सापडतात, म्हणून हा फरक लक्षात ठेवा.

आता तुमचा सँडवर्म. वाळवंटात राहणारे फ्रेमेन लोक वाळूत थंपर, म्हणजे ठोके देणारं यंत्र, रोवतात, त्याच्या ठेक्यावर तो प्रचंड प्राणी येतो, आणि स्वार धावत जाऊन त्याच्या अंगावरच्या एका वलयाच्या कडेत आकडा अडकवून ती कड उघडतो. आतल्या नाजूक भागात वाळू जाऊ नये म्हणून सँडवर्म तो भाग वर येईल असा वळतो, आणि स्वारालाही आपोआप वर नेतो. आकडे निघेपर्यंत तो वाळूत बुडी मारत नाही. यात धैर्य अफाट आहे, पण ही सगळी करामत प्राण्याच्या दुखऱ्या जागेवर टेकलेली आहे. स्वार त्याला दिशा देतो, आपल्याला हवं तिकडे नेतो. ही रथाची भाषा झाली. 'चॅरिअट' कार्डावर काळा आणि पांढरा असे दोन स्फिंक्स रथापुढे आहेत आणि सारथ्याच्या हातात लगाम नाही, रथ केवळ त्याच्या इच्छेच्या जोरावर चालतो. पॉलची ती पहिली स्वारी तिथे चपखल बसते. रायडर-वेटमध्ये 'चॅरिअट' सातवं आणि 'स्ट्रेंग्थ' आठवं, त्यामुळे ही दोन कार्डं शेजारी येतात. (तुमच्याकडे मार्सेय पद्धतीचा डेक असेल तर तिथे 'स्ट्रेंग्थ' अकरावं असतं, आठव्या जागी 'जस्टिस' येतं.)

पेटीचा प्रसंग तुम्हाला माहीत असेलच, तरी कार्ड समोर ठेवून तो पुन्हा वाचा. बेने जेसरिट या स्त्रियांच्या पंथातली ज्येष्ठ साध्वी, म्हणजे रेव्हरंड मदर, पॉलच्या मानेशी गॉम जब्बार, म्हणजे विषारी सुई, धरते आणि त्याला पेटीत हात घालायला लावते. हात बाहेर काढला तर मरण. आत फक्त वेदना आहे. कातडी जळतेय, मांस गळून पडतंय असं त्याला जाणवत राहतं, आणि अखेर हात बाहेर येतो तेव्हा त्यावर साधा ओरखडाही नसतो. इथे सिंह कुठे आहे? तो पॉलच्या खांद्यापासून बोटांपर्यंत पसरलाय. हात मागे खेचायची जी आंधळी ओढ आहे, तोच सिंह. पॉल त्याला मारत नाही, दाबूनही टाकत नाही. भीतीवरचा तो प्रसिद्ध मंत्र मनात म्हणत तो भीतीला आपल्या अंगावरून, आपल्या आतून जाऊ देतो. जबड्यावर हलका हात ठेवणं म्हणजे हेच. माझ्या मते साऱ्या विज्ञानकथेत या कार्डाचं इतकं नेमकं चित्र दुसरं नाही.

पण इथे एक धोका आहे, आणि त्याबद्दल मला आग्रहाने सांगायचंय. हे कार्ड 'सोसत राहा' असं वाचू नका. ती रेव्हरंड मदर त्याच प्रसंगात सांगते, की सापळ्यात अडकलेलं जनावर स्वतःचा पाय कुरतडून पळतं. माणूस मात्र मेल्याचं सोंग घेऊन तिथेच थांबेल, म्हणजे सापळा लावणारा जवळ आला की त्याला संपवून आपल्या जातीवरचा धोका टाळता येईल. या थांबण्याला हेतू आहे, शेवट आहे. शिवाय पेटीतल्या वेदनेने जखम होत नाही. कुणाला घरात मार बसतोय, कुणाचा रोज पाणउतारा होतोय, आणि त्यांनी काढलेल्या पानांत 'स्ट्रेंग्थ' आलं, तर पेटीचं उदाहरण देऊन त्यांना तिथेच थांबायला सांगणं क्रूरपणा ठरेल. अशा वेळी पहिला प्रश्न हाच विचारायचा, की हे नुसतं भय आहे की खरी जखम? भय असेल तर हात आत ठेवता येतो. जखम होत असेल तर बाहेर पडायचं, आणि त्यालाही हेच बळ लागतं.

कार्डाचं याहून खोल रूप पॉलची आई जेसिका हिच्याकडे आहे. फ्रेमेनांची रेव्हरंड मदर होण्यासाठी ती 'जीवनजल' पिते. पाण्यात बुडवून मारलेल्या लहान सँडवर्मने मरता मरता सोडलेलं ते विष असतं. जेसिका ते ओकून टाकत नाही. देहाच्या आत उतरून ती त्याचा रेणू न रेणू ओळखते आणि तो तिथेच बदलून टाकते. मग तेच पेय सगळ्या जमातीला पिण्याजोगं होतं. राग, मत्सर, जुनं दुःख यांबद्दलच्या प्रश्नाला हे कार्ड आलं की मी जेसिकाचा आधार घेते. जे आत आलंय ते नाकारायचं नाही, ते कशाचं बनलंय हे ओळखेपर्यंत त्याच्याजवळ बसायचं. मात्र त्या वेळी तिच्या पोटात पॉलची धाकटी बहीण आलिया आहे, आणि जेसिकाच्या या विजयाची किंमत आलियाला मोजावी लागते. गर्भातच तिला हजारो पूर्वजांच्या स्मृतींसह जाग येते. आपण आत जे सोसून पचवतो त्याची झळ दुसऱ्या कुणाला लागतेय का, हा प्रश्न 'स्ट्रेंग्थ'च्या नेहमीच्या अर्थांत येत नाही. ड्यूनमुळे तो विचारावासा वाटतो.

उलटं पडलेलं 'स्ट्रेंग्थ' म्हणजे ही आलियाच. याबद्दल मला शंका नाही. पहिल्या कादंबरीच्या शेवटी, अगदी लहान असताना, ती अट्रायडीज घराण्याचा शत्रू बॅरन हार्कोनेन याला मारते, आणि तेही गॉम जब्बारने. (2024 च्या चित्रपटात आलियाचा जन्मच झालेला नाही आणि बॅरनला पॉल मारतो, त्यामुळे फक्त चित्रपट पाहिलेल्यांच्या हातून हा धागा निसटतो.) मुलाची परीक्षा घेणारी सुई इथे सोट्यासारखी वापरली गेलीय. आणि मारलेला सिंह परत येतो. 'चिल्ड्रन ऑफ ड्यून' या तिसऱ्या पुस्तकात आलिया मोठी झालीय, साम्राज्याचा कारभार बघतेय आणि आतल्या पूर्वजांच्या कोलाहलाने बेजार आहे. त्या गर्दीत बॅरनही आहे, कारण तो तिच्या आईचा बाप. तो म्हणतो, बाकीच्यांना मी गप्प करतो, मला फक्त थोडी जागा दे. ती देते. पुढे हळूहळू तोच तिला चालवू लागतो. स्वतःला आवरण्याचं काम दुसऱ्या कुणावर सोपवलं की काय होतं, याचं हे वर्णन आहे. उलटं कार्ड आलं की अनेक जण 'आत्मविश्वास कमी पडतोय' एवढ्यावर भागवतात. मी त्याऐवजी विचारते, तुमच्या आतला गोंगाट सध्या कोण थांबवतंय आणि बदल्यात काय घेतंय? उत्तर एखादं व्यसन असतं, कधी एखादी व्यक्ती, कधी सतत कामात बुडून राहणं. एक मात्र विसरू नका. शेवटच्या क्षणी आलिया बॅरनशी झगडून स्वतःला त्याच्या ताब्यातून सोडवते, भले त्यासाठी तिला जीव द्यावा लागतो. म्हणजे उलट्या कार्डातही ती स्त्री पूर्ण नाहीशी झालेली नसते.

यापुढे काय घडेल, हे मात्र या पद्धतीत विचारू नका. 'ड्यून मसाया' या दुसऱ्या पुस्तकात हर्बर्टने खुद्द टॅरोच आणलाय. अराकिस या कथेतल्या वाळवंटी ग्रहावर 'ड्यून टॅरो'चं खूळ पसरतं, जो तो भविष्यात डोकावू लागतो आणि त्यामुळे पॉलची दृष्टी गढूळ होते. एका द्रष्ट्याला दुसऱ्याच्या कृती स्पष्ट दिसत नाहीत, हा त्या विश्वाचा नियमच आहे. शिवाय स्पष्ट दिसलेलं भविष्य तिथे बघणाऱ्याला बांधून टाकतं. तेव्हा ड्यूनच्या नजरेने वाचायचं तर आज माझा हात कुठल्या पेटीत आहे, एवढंच विचारावं.

आता लेटो. 'चिल्ड्रन ऑफ ड्यून'च्या अखेरीस त्याची बहीण घनिमा म्हणते, की दोघांपैकी एकाला ही यातना पत्करणं भाग होतं आणि तोच आधीपासून जास्त बळकट होता. हे वाचून बरेच जण त्याला 'स्ट्रेंग्थ'वर बसवतात. मला ते पटत नाही. सँडट्राउट, म्हणजे सँडवर्मची बाल्यावस्था, अंगावर चढवून घेतल्यावर स्त्री आणि सिंह अशी दोन शरीरंच उरत नाहीत, मग कोण कुणाच्या जबड्यावर हात ठेवणार? त्याची जागा बाराव्या कार्डावर, 'हँग्ड मॅन'वर आहे. तो माणूस पालवी फुटलेल्या लाकडाला एका पायाने उलटा टांगलाय, पण चेहरा शांत आणि डोक्याभोवती तेजोवलय. सगळं उलटं दिसत असूनही तिथेच राहणं त्याने स्वतः स्वीकारलंय. लेटो तसा साडेतीन हजार वर्षं राहतो, लोकांचा द्वेष ओढवून घेत, आपल्या मरणानंतर माणसं दूर दूर पांगावीत म्हणून. 'स्ट्रेंग्थ'वर मी घनिमाला ठेवेन. ती आलियासारखीच जन्माआधी जागी झालेली आहे, तिच्याही आत तीच गर्दी आहे, तरी ती त्या गर्दीच्या ताब्यात जात नाही. तिची आई चानी आतून तिची राखण करते. आलियानेही आतल्या एका आवाजाचाच आधार घेतला होता, मग या दोन आधारांत फरक काय, हे मी अजून पूर्ण उलगडू शकलेले नाही. तिसरं पुस्तक वाचून झालं की तुम्हाला काय वाटतं ते नक्की लिहा.