गोड प्रार्थना आणि उरलेले सुटे पैसे

प्रश्न : आमच्या घरगुती प्रार्थनासभेत एक बंधू वर्षभरापासून येतात. प्रार्थना अशी करतात की ऐकणाऱ्याचे डोळे भरून यावेत. विधवा आणि आजाऱ्यांसाठीचा मदतनिधी आता त्यांच्याकडे सोपवावा, असं बहुतेकांचं मत आहे. माझं मन कचरतं, पण 'दोष काढू नका' हे वचन आठवून गप्प बसते. — एक भगिनी, इंदूर

उत्तर : ताई, बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात ज्या ७व्या अध्यायाची सुरुवात त्या वचनाने होते, त्यातच १६वं वचन 'फळांवरून ओळखाल' असं सांगतं. मनात काय आहे त्याचा निकाल देऊ नये. पैसा हाती देण्याआधी वागणूक मात्र जरूर पाहावी. सेवकांची आधी पारख करा, असं तीमथ्याच्या पहिल्या पत्रातही (३:१०) आहे. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीची 'डिडाखे' ही छोटी पुस्तिका तर फारच रोखठोक : फिरता प्रेषित एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस राहील, तिसऱ्या दिवशीही ठाण मांडलं किंवा निघताना पैसे मागितले, तर तो खोटा.

निधी सोपवणं तीन-चार महिने थांबू द्या, छोटी कामं द्या. समजा, एम.वाय. रुग्णालयात भरती असलेल्या एका बाईच्या औषधांसाठी २,००० रुपये दिले. हे बंधू औषधाच्या रांगेत उभे राहिले, की खाटेशेजारी फोटो काढून पाच मिनिटांत परतले? मेडिकलची पावती आणि उरलेले १४० रुपये न मागता आले का? आणि पुढच्या सभेत त्या बाईचं नाव नि तिची अडचण 'साक्ष' म्हणून सगळ्यांपुढे मांडली का? पैशाला चोख असलेली माणसंही इथे घसरतात.

पारख एकदाच करू नका आणि तिचा गाजावाजाही नको. पाहणारे असले की महिनाभर कुणीही सरळ वागतं. खरी कामं कंटाळवाणी असतात : सभेनंतर सतरंज्या झटकून घडी घालणं, गुडघे दुखणाऱ्या आजींना दर रविवारी घरून आणणं आणि परत सोडणं. चौथ्या-पाचव्या रविवारी आजींना रिक्षा करावी लागली, तर तेवढं लक्षात ठेवा.

हिशेब एकदा चुकला म्हणून माणूस लबाड ठरत नाही. चूक दाखवल्यावर काय होतं ते पाहा. जकातदार जक्कय लुबाडलेलं चौपट परत करायला तयार झाला (लूक १९:८). 'माझ्यावर विश्वास नाही का?' असं उलट विचारणाऱ्याच्या हाती निधी देऊ नका, प्रार्थना कितीही रसाळ असो.

आणि पारखून निवडलेल्यालाही एकटं ठेवू नका. यरुशलेमच्या गरिबांची वर्गणी न्यायची तेव्हा कुणी बोट ठेवू नये म्हणून पौलाने आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी भाऊ धाडले (२ करिंथ ८). बँकेत दोघांच्या सह्यांचं खातं काढा आणि महिन्याचा हिशेब सभेत मोठ्याने वाचा.

प्रश्न : जाऊबाई म्हणतात, 'तुला केव्हाच क्षमा केली.' खरं कसं मानू? — इंदूर

उत्तर : कॅथलिक संन्यासिनी सिस्टर राणी मारिया यांची १९९५ मध्ये मध्य प्रदेशातल्या उदयनगरजवळ हत्या झाली. त्यांच्या धाकट्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. जाऊबाईंकडून एवढ्याची अपेक्षा नको. पण पुढच्या कुरबुरीत जुनं प्रकरण उकरून निघतं का, आणि तुमच्या घरी कुणाला ताप आला तर त्या डबा घेऊन येतात का, एवढं पाहा. दोन-तीन सणवार जाऊ द्या. मधल्या काळात एखादा डबा तुमच्याकडूनही जाऊ द्या.